आधी जागा शोधा, मग पाना उचला
जुन्या गाडीच्या इंजिनातून ऑइल गळत असेल तर काय करावं?

सकाळी गाडी बाहेर काढली आणि पार्किंगच्या फरशीवर पंजाएवढा काळा डाग दिसला, की जुन्या गाडीच्या मालकाला पहिली काळजी खर्चाची लागते. गॅरेजला गेलं की ऐकायला मिळतं, 'बॅक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' कुणी त्याही पुढे जाऊन इंजिन हाफ करायला सांगतं. दोन दिवस गाडी गॅरेजमध्ये राहते, बिल भरलं जातं आणि आठवड्याभरात त्याच जागी डाग पुन्हा दिसतो.

असं होतं कारण गळतीची जागा नक्की न करताच काम काढलेलं असतं. जुन्या गाडीतल्या बऱ्याचशा गळत्या स्वस्त भागांमुळे होतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, ड्रेन प्लगचा वॉशर, हे सगळे भाग किरकोळ किमतीचे आहेत. पैसा जातो तो चुकीच्या ठिकाणी केलेल्या मजुरीत. म्हणून या लेखाचा सगळा भर जागा शोधण्यावर आहे. दुरुस्ती तुम्ही स्वतः करा किंवा मिस्त्रीकडून करून घ्या, जागा मात्र आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाना लावू देऊ नका.

छत्रपती संभाजीनगर हे गाड्या बनवणारं शहर आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. इथे घराघरांत वाहनउद्योगात काम केलेलं कुणी ना कुणी असतं आणि 'एमएच २०' पाटीच्या मारुती ८००, झेन, ओम्नी, सँट्रो, इंडिका, जुन्या ऑक्टाव्हिया अजून रस्त्यावर दिसतात. या गाड्यांना इथला उन्हाळा सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, जालना रोडवर सिग्नलमागून सिग्नल लागतात आणि बॉनेटखालची उष्णता बाहेर निघतच नाही. रबराची सीलं आणि पॅकिंग याच उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून कडक होतात. रबराचा लवचीकपणा गेला की ते धातूला चिकटून बसत नाही आणि तेल वाट काढतं. महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडीही सुरक्षित नसते. सीलच्या कडेवरचं तेल सुकतं, रबर आकसतं आणि गाडी पुन्हा चालू केली की गळती सुरू होते.

डाग कशाचा आहे ते आधी ठरवा

गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब इंजिन ऑइलचा नसतो. रात्री गाडी उभी करताना इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा पसरा. त्यावर पुढच्या चाकांच्या जागा आणि बंपरची रेघ पेनाने आखून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला, किती मोठा आहे आणि कोणत्या रंगाचा आहे, हे स्पष्ट दिसतं.

इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं आणि बोटांत चोळलं की गुळगुळीत लागतं. गिअर ऑइल त्याहून दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट हिरवं, निळं किंवा गुलाबी असतं, पाण्यासारखं पातळ आणि किंचित चिकट. पॉवर स्टिअरिंगचं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बऱ्याचदा लालसर असतं. ब्रेक ऑइल फिकट पिवळं आणि पातळ असतं. ते चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलच्या खाली दिसलं, तर गाडी हलवूच नका. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याची काळजी नको.

मग गेज (तेल मोजायची पट्टी) काढून तेलाची पातळी बघा. गाडी सपाट जागेवर हवी आणि इंजिन बंद करून दहा मिनिटं तरी झालेली हवीत. गेज एकदा पुसून, पुन्हा पूर्ण आत घालून मगच वाचा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर आधी जादा तेल काढा, कारण जास्त भरलेलं तेलही सीलांवर ताण आणतं. गेजवरचं तेल किंवा फिलर कॅपच्या आतला थर दुधी दिसत असेल तर तेलात पाणी मिसळलं असण्याची शक्यता आहे. रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत कॅपखाली थोडी वाफ साचून असा थर येतो. पण गेजवरचं तेलच दुधी असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅसकेट तपासून घ्यावंच लागेल.

किती गळतंय, त्यावर पुढचा निर्णय

वीस थेंबांचं साधारण एक मिलिलिटर होतं. चालू इंजिनातून दर दहा सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला अठरा मिलिलिटर तेल जातं. अशी गाडी रोज शहरात चालवता येते, फक्त आठवड्याला गेज बघायची शिस्त हवी. पण सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला १८० मिलिलिटर जातं, म्हणजे सहा तासांत एक लिटरच्या वर. बहुतेक लहान गाड्यांत गेजच्या वरच्या आणि खालच्या खुणेत सुमारे एका लिटरचंच अंतर असतं. सावंगीला समृद्धी महामार्गावर चढून न थांबता नागपूर गाठायचं म्हटलं, तर निघताना पूर्ण भरलेलं तेल पोहोचेपर्यंत खालच्या खुणेजवळ आलेलं असेल. महामार्गावर इंजिनाचे फेरे जास्त असतात, तेल जास्त तापून पातळ होतं आणि गळतीही वाढते. पार्किंगमधल्या डागावरून महामार्गावरच्या गळतीचा अंदाज बांधू नका.

तीन लक्षणं दिसली तर गाडी चालवणं थांबवा. पहिलं, डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा. हा दिवा बहुतेक जुन्या गाड्यांत तेलाची पातळी दाखवत नाही, तेलाचा दाब पडल्याचं सांगतो. तो लागला की त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. 'पुढच्या पंपापर्यंत नेतो' म्हटलं तर बेअरिंगं आणि क्रँक खराब होऊ शकतात. दुसरं, बॉनेटखालून तेल जळल्याचा वास किंवा निळसर धूर. तेल एक्झॉस्टवर पडत असेल तर आग लागू शकते. तिसरं, तेल टायमिंग बेल्टवर पडत असणं. तेलाने बेल्टचं रबर फुगतं, सुटतं आणि बेल्ट तुटतो. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की वाल्व पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवायची वेळ येते.

इंजिन धुतल्याशिवाय गळती सापडत नाही

धूळ आणि तेलाच्या जुन्या लेपाने माखलेल्या इंजिनात गळतीची जागा ओळखणं अनुभवी मिस्त्रीलाही जमत नाही, कारण सगळंच ओलं दिसतं. तेल उगमापासून वाहत खाली येतं, पंख्याच्या आणि रस्त्यावरच्या वाऱ्याने मागे पसरतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टच्या टोकाला थेंब बनून लटकतं. थेंब पडतो तिथे बहुधा गळती नसते.

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, वायरिंगचे कनेक्टर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीने झाकून बांधा. मग इंजिनसाठी मिळणारा डीग्रीझर फवारून पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि जुन्या रंगाच्या ब्रशने खाचाखोचा घासा. रॉकेल किंवा डिझेल वापरायची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण त्यात आगीचा धोका आहे आणि ते रबरावर राहिलं तर रबर मऊ पडतं. त्याऐवजी डीग्रीझर घेतलेला बरा. जोराचा प्रेशर वॉशर मारू नका. ओल्या फडक्याने पुसून आणि बादलीभर पाण्याने हळूहळू धुऊन काम होतं. जायकवाडीहून येणाऱ्या पाण्याची आपल्या शहरात किती ओढाताण असते, हे सांगायला नको.

इंजिन पूर्ण सुकलं की संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर ब्रशने हलकेच उडवा. टॅपेट कव्हरच्या कडा, प्रेशर स्विचभोवती, ऑइल फिल्टरच्या बुडाशी, चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) जोडावर पातळ पांढरा थर बसला पाहिजे. बेल्टवर आणि एअर फिल्टरच्या तोंडाजवळ पावडर टाकू नका. आता गाडी चालवून आणा. शहरातून दौलताबादवरून खुलताबादपर्यंतची फेरी यासाठी चांगली आहे. सपाट रस्त्यावर इंजिन नीट तापतं आणि पुढे घाटाच्या चढावर त्यावर भार येतो.

परत आल्यावर इंजिन जरा निवू द्या आणि चांगला टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरवर तेलाची तपकिरी रेघ उठलेली दिसेल. ती रेघ जिथून सुरू झाली ती गळतीची जागा. पाझर अगदी बारीक असेल तर एका फेरीत काही दिसणार नाही. तेव्हा दोन-तीन दिवस रोज बघत राहा. इतकं करूनही सापडलं नाही तर तेलात घालायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून गाडी चालवली आणि अंधारात अतिनील टॉर्च मारला की गळतीची वाट पिवळी-हिरवी चमकते.

वरून खाली, पुढून मागे

शोधायचा नियम साधा आहे. सगळ्यात उंचावरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. खालचं सगळं तिथूनच वाहत आलेलं असू शकतं.

फिलर कॅप : कॅपच्या आतली रबर रिंग कडक झाली असेल तर टॅपेट कव्हरवर तोंडाभोवती तेल साचतं. कॅप बदलली की काम झालं.

टॅपेट कव्हर : जुन्या पेट्रोल गाडीत सगळ्यात जास्त गळती इथेच होते. कव्हरच्या कडेखाली इंजिनाच्या भिंतीवर तेलाचे ओघळ दिसतात. मागच्या बाजूला हात आणि छोटा आरसा घालून बघा, कारण तिकडचा ओघळ वरून दिसत नाही. ज्या इंजिनांत स्पार्क प्लग कव्हरच्या मधल्या खोल नळ्यांत बसतात, तिथे नळीची सील गेली की प्लगभोवती तेल साठतं आणि गाडी मिसिंग करू लागते.

डिस्ट्रिब्युटर आणि फ्युएल पंप : कार्बोरेटरच्या मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. त्याची ओ-रिंग आणि मेकॅनिकल फ्युएल पंपाचं पॅकिंग, ही दोन्ही गळतीची नेहमीची ठिकाणं आहेत.

ऑइल प्रेशर स्विच : लाल दिव्याची वायर जिथे जोडलेली असते तो हा छोटा स्विच. तो आतून फाटला की तेल वायरच्या टोपीत भरतं. टोपी काढा. आत तेल दिसलं तर स्विच बदलायचा. या जागी तेल दाबाखाली असतं, त्यामुळे स्विच लहान असला तरी गळती मोठी होऊ शकते.

ऑइल फिल्टर : तेल बदलल्यावर लगेच गळती सुरू झाली असेल तर पहिला संशय फिल्टरवर घ्या. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनाला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवला जातो. दोन रिंगा एकावर एक आल्या की दाबाने तेल बाहेर पडतं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामं होऊ शकतं. नवा फिल्टर लावताना त्याच्या रबराला तेलाचं बोट फिरवा. रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळा. तेवढं पुरतं.

ड्रेन प्लग : वॉशर प्रत्येक तेलबदलाला नवा घाला. कित्येक गाड्यांचे प्लग 'घट्ट बसू दे' म्हणून इतके आवळले जातात की चेंबरचे आटे मरतात. आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून भागवू नका. आटे नवे पाडून किंवा आत इन्सर्ट बसवून घ्या.

पुढची सीलं : कॅम सील आणि पुढचं क्रँक सील टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे असतात. कव्हरच्या तळातून तेल निथळत असेल तर कव्हर उघडून बघायलाच हवं. बेल्ट बदलताना ही दोन्ही सीलं आणि शक्य असेल तर वॉटर पंपही त्याच वेळी बदला. मजुरी एकदाच लागते. नवं सील बसवताना शाफ्टवर जुन्या सीलने खोबण पाडली आहे का ते बोटाने चाचपा. खोबण असेल तर सील तिच्यापेक्षा किंचित पुढे किंवा मागे बसवावं लागतं, नाहीतर नवं सीलही गळतं.

चेंबर : चेंबर आणि ब्लॉक यांच्या जोडात पॅकिंग किंवा सिलिकॉन असतं. दगडावर किंवा उंच स्पीड ब्रेकरवर खालून आपटलेल्या गाडीत चेंबर चेपलंय का, बारीक चीर आहे का, ते बघा.

डिझेल गाड्या : डिझेल गाड्यांना व्हॅक्युम पंप असतो. त्याचं पॅकिंग आणि टर्बोकडून तेल परत आणणारा पाइप ही दोन ठिकाणं आवर्जून तपासा. इंटरकूलरच्या पाइपांच्या जोडावर तेलाचा हलका ओलावा दिसला तर लगेच घाबरू नका. तेलाची वाफ तिथे थोडी येतेच. ओलावा वाढत गेला तर टर्बो दाखवा.

बॅक सीलचा निकाल घाईने मानू नका

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाच्या तळाशी तेल दिसलं की 'बॅक सील गेलं' असं सांगितलं जातं. क्रँकच्या मागच्या टोकाचं हे सील स्वस्त असतं, पण तिथे पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरी भरपूर लागते. म्हणूनच हा निकाल मानण्याआधी वरच्या जागा बाद करायला हव्यात.

मारुती ८०० चंच बघा. डिस्ट्रिब्युटरच्या ओ-रिंगमधून निघालेलं तेल हेडच्या टोकावरून घसरत थेट गिअरबॉक्सच्या घंटेवर (इंजिनाला जोडलेल्या घंटेसारख्या कवचावर) उतरतं आणि जोडाच्या तळाशी जमतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब बॅक सीलची गळती वाटतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातली गळतीही तशीच उतरते. दोन्हींत फरक ओळखायची खूण सोपी आहे. इंजिन धुऊन सुकवल्यावर गिअरबॉक्सच्या घंटेची वरची बाजू बघा. ती ओली असेल तर तेल वरून येतंय. वरची बाजू कोरडी खडखडीत आणि फक्त तळाच्या जोडातून थेंब येत असेल, तरच बॅक सीलचा संशय धरा. तिथेही वास घ्या, कारण गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तर तेल त्याच जागी येतं, पण त्याला गिअर ऑइलचा वास असतो. तेल क्लच प्लेटवर पोहोचून क्लच घसरू लागला असेल, तर मात्र काम पुढे ढकलू नका. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच आणि दोन्ही सीलं त्याच वेळी बघून घ्या.

ज्यांच्याकडे अजून अँबॅसडर आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात मागे आजच्यासारखं रबरी सील नाही. शाफ्टवरच्या आट्यांसारख्या खोबणी तेल आत परत ढकलतात. त्या इंजिनातून उभ्या गाडीखाली एखाद-दुसरा थेंब पडणं ही त्याची मूळ रचनाच आहे. ते थांबवण्यासाठी इंजिन उघडायची गरज नाही.

सील बदलण्याआधी ब्रीदर तपासा

एक सील बदललं की दुसरीकडून गळती सुरू होते, असं होत असेल तर दोष सीलांचा नसून आतल्या दाबाचा असतो. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू सतत चेंबरमध्ये उतरत असतो. तो बाहेर काढायला ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही वाल्व असतो. ही वाट काजळीने आणि चिकट्याने चोकअप झाली की प्रेशर कुकरची शिटी बंद झाल्यासारखी आतली हवा कोंडते आणि सगळ्यात अशक्त सीलमधून तेल बाहेर रेटते.

इंजिन गरम करा आणि आयडलवर ठेवून फिलर कॅप काळजीपूर्वक सैल करा. हलकी फुंकर येत असेल तर ठीक. कॅप उडत असेल, धुराचे लोट येत असतील, तर आधी ब्रीदरचा पाइप काढून साफ करा. पीसीव्ही वाल्व काढून हलवून बघा. बऱ्याच गाड्यांत चांगल्या वाल्वमधून खुळखुळ आवाज येतो. आवाज येत नसेल तर तो बदला, महाग नसतो. एवढं करूनही जोर तसाच राहिला तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो प्रकार आहे, म्हणजे रिंगा झिजल्या आहेत. तेव्हा कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि आकडे बघूनच इंजिनाचं काम काढायचं की नाही ते ठरवा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग : घरी करता येणारं काम

हाताला थोडी सवय असेल तर साध्या पेट्रोल गाडीत हे काम घरी होतं. सॉकेट पान्यांचा संच, प्लास्टिकची पट्टी, स्वच्छ फडकी आणि गाडीच्या मॉडेलचं नवं पॅकिंग एवढं जवळ ठेवा. पॅकिंग कंपनीचं किंवा नावाजलेल्या ब्रँडचं घ्या. चार पैसे वाचवून घेतलेलं पातळ रबर दुसऱ्या उन्हाळ्यात कडक होतं.

इंजिन थंड असू द्या. कव्हरवरच्या वायरी आणि पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कव्हरच्या आसपासची धूळ आधी पुसा, नाहीतर ती आत पडेल. बोल्ट आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटू नका. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून कायमची गळती लागते. रबरी हातोड्याने कडेवर हलकेच ठोकलं की कव्हर सुटतं.

आता खरं काम येतं, सफाईचं. हेडच्या आणि कव्हरच्या बसण्याच्या पट्टीवरचं जुनं रबर, कॉर्क, सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. ही बसण्याची पट्टी स्वच्छ करताना हेडच्या उघड्या भागावर फडकं अंथरा. एक तुकडाही आत पडता कामा नये. शेवटी दोन्ही पट्ट्यांवरून कोरडं फडकं फिरवा. बोटाला तेल लागलं नाही पाहिजे. कव्हर पत्र्याचं असेल तर ते सपाट फरशीवर उपडं ठेवून बघा. बोल्टच्या छिद्रांपाशी पत्रा खोल गेलेला असेल तर आधी तो सरळ करा, नाहीतर नवं पॅकिंगही गळेल.

रबरी पॅकिंग कोरडंच बसवतात. सगळीकडे सिलिकॉन फासायची पद्धत चुकीची आहे. जिथे दोन भागांचा जोड किंवा कोपरा येतो, तिथेच, मॅन्युअल सांगत असेल तर, सिलिकॉनचा छोटा ठिपका द्या. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतं आणि इंजिनाला तेल मिळेनासं होतं. कव्हर ठेवून बोल्ट आधी हाताने लावा, मग मधून कडेकडे जात दोन-तीन फेऱ्यांत आवळा. हे बोल्ट बारीक असतात. त्यांना साधारण आठ ते दहा न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो, म्हणजे छोट्या पान्याला मनगटाचा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. 'अजून थोडं' म्हणून आवळलं की पॅकिंग चिरडतं किंवा बोल्ट तुटतो. गाडी चालवून आणा, पुन्हा पावडर उडवा आणि दोन दिवसांनी बघा.

गाडीखाली शिरायची वेळ आली तर जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका. दोन्ही बाजूंना मजबूत घोड्या लावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. विटा आणि दगड चालत नाहीत. वीट अचानक फुटते आणि अशा अपघातात जीव जातो.

मिस्त्रीशी बोलताना

सगळी कामं घरी होत नाहीत आणि करूही नयेत. टायमिंग बेल्टमागची सीलं, चेंबर, बॅक सील, हेड गॅसकेट, ही कामं जाणकाराच्या हाताला शोभतात. पण गॅरेजला जाताना पुठ्ठ्यावरच्या डागाचा आणि पावडरवरच्या रेघेचा फोटो घेऊन जा. मोकळेपणाने म्हणा, 'दादा, आधी इंजिन धुऊन गळतीची जागा दाखवा, मग खर्च सांगा.' चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही, उलट त्याचंही काम सोपं होतं. जुने काढलेले भाग परत मागा. सील कडक झालं होतं की फाटलं होतं, हे हातात घेतल्यावर कळतं. काम झाल्यावर बिल देण्याआधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून पुन्हा खाली बघा.

गळती बंद करणाऱ्या बाटल्यांवर फार विसंबू नका. त्यातली रसायनं रबर थोडं फुगवतात, त्यामुळे आकसलेल्या सीलचा पाझर काही काळ कमी होऊ शकतो. फाटलेलं सील, मेलेले आटे, चिरलेलं चेंबर यांवर त्यांचा काही उपयोग नाही. गळती कमी व्हावी म्हणून मॅन्युअलमध्ये नसलेलं जाड तेल भरणंही चुकीचं आहे. सकाळी थंड इंजिनात ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं आणि झीज वाढते.

काढलेलं तेल गटारात ओतू नका

जळकं तेल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांत तो तसा नोंदलेला आहे. नालीत ओतलेलं तेल आपल्याच खाम आणि सुखना नद्यांत जातं. काढलेलं तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजला द्या. फरशीवर सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाका, तो तेल शोषून घेतो. तेलाची फडकी आणि भुसा उघड्यावर जाळू नका.

गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासणीला न्यावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती वेळ येते. तोपर्यंत वाट बघू नका. पावसाळा संपला की एकदा आणि होळीनंतर उन्हं तापायच्या आधी एकदा, असं वर्षातून दोनदा इंजिन धुऊन बघा. दर रविवारी गेज काढा. पातळी आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवा. तेल किती जातंय हे आकड्यांत कळलं की भीतीही जाते आणि फसवणूकही टळते.

तेल गळतं म्हणून चांगली गाडी भंगारात काढू नका. आजच रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाका.